शर्यतीचे चाक रोजच्या वाटेवर

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिचा एक टप्पा मुळशी आणि मावळ या भागांतून गेला. तुमच्यापैकी काहींनी रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहिलीही असेल. आपल्या भागाला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाट हा सर्वांत अवघड भाग असतो, आणि तो सर्वांत आधी चढून जाणाऱ्या स्वाराला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवण्याची प्रथा आहे.

अशा शर्यतीतील सायकली पाहिल्या, की प्रथम नजरेत भरतात ती त्यांची चाके. काळीभोर, चकचकीत, बोटभर रुंदीच्या टायरची आणि मोजक्या तारांची. हातात घेतली तर आश्चर्य वाटावे इतकी हलकी. एका जोडीची किंमत मात्र लाखाच्या घरात, कधी त्याच्याही पुढे. साहजिकच मनात विचार येतो, की ही चाके आपल्या रोजच्या सायकलला बसवली तर? शाळेला किंवा कॉलेजला जाण्याचे श्रम निम्मे होतील का? निदान पाव तरी कमी होतील का?

हा प्रश्न मोठा मजेदार आहे, कारण त्याचे उत्तर देण्यासाठी नववी-दहावीच्या पुस्तकातील भौतिकशास्त्र पुरते. शिवाय तो नुसता गमतीचा नाही. एखाद्या घराची वर्षभराची बचत अशा एका चाकजोडीत जाऊ शकते, आणि चाक तुटले तर गाठ हमरस्त्यावरच्या ट्रकशी असते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब एकदा नीट करूनच पाहू.

शर्यतीच्या चाकात वेगळे काय?

आपल्या साध्या सायकलच्या चाकाचे भाग तुम्हांला ठाऊक आहेत. मध्यभागी छर्रे असलेला हब, बाहेर रिम, दोहोंना जोडणाऱ्या तारा, आणि रिमवर ट्यूब व टायर. जुन्या धाटणीच्या सायकलला पोलादी रिम आणि पुढे ३२ व मागे ४०, किंवा दोन्हीकडे ३६ तारा असतात. हल्लीच्या बऱ्याच सायकलींना ॲल्युमिनिअमची रिम असते.

शर्यतीच्या महागड्या चाकाची रिम कार्बनच्या तंतूंची असते. हे तंतू राळेसारख्या चिकट पदार्थात बसवून साच्यात घट्ट केलेले असतात. हा पदार्थ वजनाच्या मानाने अतिशय बळकट असतो. तारा २० ते २४, कधी त्याहूनही कमी. रिम चार-पाच सेंटिमीटर खोल असते. ती हवा कापत जाते. टायर अरुंद असून त्यात हवेचा दाब बराच अधिक ठेवतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोग्रॅमपेक्षा हलकी असून चालत नाही, यावरून या सायकली किती हलक्या करता येतात याची कल्पना यावी. आपली साधी सायकल सहज १५ किलोग्रॅम भरते.

साध्या चाकांच्या जागी शर्यतीची चाके बसवली, तर दोन्ही मिळून सुमारे १ किलोग्रॅम वजन वाचते असे धरू. आता या एका किलोग्रॅमची खरी किंमत काढायची आहे.

रिमवरचे वजन दोनदा का मोजतात?

सायकलच्या षौकिनांत एक समजूत आहे, की रिमवरचा एक ग्रॅम हा सायकलवरच्या दोन ग्रॅमांबरोबर असतो. ही समजूत निराधार नाही. तिच्यामागे छान भौतिकशास्त्र आहे.

सायकल ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली आहे. तुमचे दप्तरही त्याच वेगाने पुढे जात आहे. पण रिमचे काय? ती पुढे तर जातेच, शिवाय स्वतःभोवती फिरतेही. टायरचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी चक्क स्थिर असतो. नाहीतर चाक घसरले असते. सर्वांत वरचा बिंदू मात्र सायकलच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने पुढे धावत असतो. चिखलातून गेल्यावर चाकाच्या वरच्या भागावरून उडालेला चिखल किती जोरात पुढे फेकला जातो, ते आठवून पाहा.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. खालच्या बिंदूच्या बाबतीत वेगाचा वर्ग शून्य, वरच्या बिंदूच्या बाबतीत चौपट. संपूर्ण रिमची सरासरी काढली तर ती बरोबर दुप्पट येते. म्हणून रिमवरच्या १ किलोग्रॅमला गती देण्यासाठी दप्तरातल्या २ किलोग्रॅमइतकी ऊर्जा लागते.

याचा पडताळा घरी घेता येतो. एक फळी थोडी तिरपी करून ठेवा. तिच्यावरून एक बांगडी आणि एक काचेची गोटी एकाच वेळी सोडा. बांगडी उभी, म्हणजे चाकासारखी सोडायची. गोटी प्रत्येक वेळी आधी खाली पोहोचेल. बांगडी मोठी घ्या की लहान, जड घ्या की हलकी, ती हरणारच. बांगडीचे सारे वस्तुमान कडेला असल्यामुळे तिच्या ऊर्जेचा अर्धा वाटा नुसत्या फिरण्यात खर्च होतो. गोटीचे बरेच वस्तुमान मध्याजवळ असते, म्हणून तिचा फिरण्यावरचा खर्च कमी असतो.

आता आकडे घालू. स्वार ६० किलोग्रॅम आणि सायकल १५ किलोग्रॅम, एकूण ७५ किलोग्रॅम. त्याला थांबलेल्या स्थितीतून सेकंदाला ५ मीटर वेग द्यायचा, तर चाकांच्या फिरण्याची ऊर्जा धरून सुमारे ९७५ ज्यूल ऊर्जा लागते. रिमवरचा १ किलोग्रॅम कमी केला, तर वाचतात २५ ज्यूल. म्हणजे प्रत्येक वेळी थांबून पुन्हा निघताना शेकडा अडीच एवढाच फायदा. 'दोनदा मोजायचे' हे खरे, पण ज्याच्याशी तुलना करायची ते एकूण वजनच पाऊणशे किलोग्रॅम आहे!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जड चाकाला दिलेली ही ऊर्जा वाया जात नाही. पेडल मारणे थांबवले, की तीच ऊर्जा सायकलला थोडे अधिक अंतर पुढे नेते. ब्रेक दाबला तरच ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे चाकाच्या हलकेपणाचा हा लाभ ब्रेक लावून पुन्हा निघण्याच्या वेळीच काय तो पदरात पडतो.

बोरघाटाचा हिशेब

मग शर्यतीतले स्वार एवढा पैसा का ओततात? याचे उत्तर घाटात मिळते.

वजन चढावर नेणे किती कठीण आहे, हे बोरघाटाइतके चांगले दुसरीकडे क्वचितच दिसते. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटर अंतरात १ मीटर उंची असा ठेवावा लागला. आजही बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडून घाट चढवावा लागतो. लोणावळ्याच्या लोकलने जाणाऱ्यांना घाट लागत नाही. पण मुंबईकडून येताना हा सोहळा तुम्ही पाहिला असेल.

खोपोली ते खंडाळा हा चढ उंचीच्या हिशेबाने सुमारे ५०० मीटरचा धरू. ७५ किलोग्रॅम वजन ५०० मीटर वर न्यायला ७५ × ९.८ × ५००, म्हणजे सुमारे ३ लाख ६७ हजार ज्यूल कार्य करावे लागते. १ किलोग्रॅम वाचला तर ४,९०० ज्यूल वाचतात. इथे एक गंमत पाहा. चढावर फक्त उंचीचा प्रश्न असल्याने रिमवरचे वजन दोनदा मोजले जात नाही. रिमवरचा किलोग्रॅम आणि पाण्याच्या भरलेल्या बाटलीतला किलोग्रॅम यांत काहीही फरक उरत नाही.

शर्यतीचा स्वार आणि त्याची सायकल यांचे वजन मिळून ७२ किलोग्रॅम आहे आणि तो हा चढ अर्ध्या तासात चढतो असे समजा. चढावर त्याची बहुतेक सारी शक्ती वजन उचलण्यातच जाते. वजन ७२ मध्ये १ ने कमी झाले, तर वेळही जवळजवळ त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे २५ सेकंदांनी कमी होतो. २५ सेकंदांत चांगला स्वार चढावरसुद्धा शंभर मीटरच्या आसपास पुढे जातो. घाटाचा राजा कोण हे ठरवायला एवढे अंतर भरपूर झाले!

शिवाय सपाट रस्त्यावर शर्यतीचा वेग ताशी ४० किलोमीटर आणि त्याहून अधिक असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ताशी ४० किलोमीटर वेगाला हवा आपल्याला ताशी १८ किलोमीटरच्या मानाने जवळजवळ पाचपट जोराने अडवते. तेथे हवा कापणाऱ्या खोल रिमचा उपयोग होतो. सारांश, शर्यतीच्या स्वाराचा हिशेब चुकीचा नाही. त्याला सेकंद विकत घ्यायचे असतात आणि ते महाग मिळतात.

कामशेत ते लोणावळा

आता शर्यत सोडून रोजच्या वाटेवर येऊ. एखादा विद्यार्थी कामशेतहून लोणावळ्याला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सायकलवर जातो असे समजा. (द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे, हे तुम्हांला माहीत असेलच.) अंतर सुमारे १६ किलोमीटर. इंद्रायणी लोणावळ्याकडून कामशेतकडे वाहते. म्हणजे जाताना रस्ता एकंदरीत किंचित चढता आणि येताना किंचित उतरता. ताशी १८ किलोमीटर वेगाने त्याला जायला ५३ मिनिटे लागतील.

वाटेत त्याला दोन गोष्टी सतत मागे ओढत असतात. पहिली म्हणजे हवा. या वेगाला हवेचा रोध सुमारे ८ न्यूटन असतो. दुसरी म्हणजे टायर फिरताना होणारा रोध. टायर जमिनीला टेकतो तेथे तो दबतो आणि पुढे गेला की पुन्हा फुगतो. रबर दाबायला लागलेली सर्व ऊर्जा ते परत देत नाही. थोडी उष्णता बनून जाते. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो पुन्हा हातापर्यंत उसळत नाही, त्याचे कारणही हेच. टायरमध्ये पुरेशी हवा असेल तर हा रोध सुमारे ६ न्यूटन भरेल. दोन्ही मिळून १४ न्यूटन; १६,००० मीटर अंतरात कार्य झाले २ लाख २४ हजार ज्यूल.

वाटेतले लहानमोठे चढ मिळून ५० मीटर धरू. त्याचे झाले सुमारे ३७ हजार ज्यूल. कार्ला फाटा, बाजारपेठ, एस.टी.चे थांबे, मध्येच आडवी आलेली म्हैस अशा कारणांनी २० वेळा थांबून पुन्हा निघावे लागले असे धरले, तर त्याचे जवळजवळ १९ हजार ५०० ज्यूल. सगळ्याची बेरीज साधारण २ लाख ८० हजार ज्यूल.

हलक्या चाकांनी यातले किती वाचले? २० वेळा निघताना प्रत्येकी २५, म्हणजे ५०० ज्यूल. ५० मीटर चढावर १ किलोग्रॅमचे ४९० ज्यूल. वजन कमी झाल्याने टायरचा रोध किंचित घटला, त्याचे सुमारे १,२८० ज्यूल. एकूण २,२७० ज्यूल. २ लाख ८० हजारांच्या तुलनेत हे शेकडा एकाहूनही कमी! ही सारी बचत वेळेत बदलली, तरी त्रेपन्न मिनिटांतून पुरते अर्धे मिनिटसुद्धा वाचत नाही. एका किलोग्रॅमने एवढाच फरक पडत असेल, तर दप्तरातली नको असलेली पुस्तके घरी ठेवूनही तो जवळजवळ तसाच पडेल, आणि त्याला एक पैसाही लागणार नाही.

खोल रिमचा फायदा राहिला. पण या वेगाला हवेचा रोध मुळातच थोडा, आणि तोही बहुतांशी चाकाचा नसून आपल्या उभ्या अंगाचा असतो. समोरून वारा असेल तेव्हा थोडे वाकून बसलात, तर फुकटात अधिक लाभ होईल.

पंपाची करामत

आता हाच हिशेब उलट बाजूने करू. टायरमधली हवा कमी झाली आहे आणि त्यामुळे टायरचा रोध ६ न्यूटनांऐवजी ९ न्यूटन झाला आहे असे समजा. बोटाने दाबल्यावर टायर सहज आत जात असेल, तर एवढी वाढ होणे मुळीच अशक्य नाही. जादा रोध ३ न्यूटन, अंतर १६,००० मीटर. जादा कार्य किती? ४८ हजार ज्यूल!

म्हणजे लाखाच्या चाकांनी जेवढी ऊर्जा वाचवली, त्याच्या वीसपटींहून अधिक ऊर्जा हवेचा पंप वाचवतो. तो काही शे रुपयांना मिळतो, आणि कित्येक घरांत कोपऱ्यात पडलेलाही असतो.

हे तुम्ही स्वतः करून पाहू शकता. वाहनांची वर्दळ नसलेला, थोडा उताराचा आणि पुढे सपाट होणारा रस्ता शोधा. उतारावर खडूने रेघ ओढून तेथून सायकल पेडल न मारता सोडा, आणि ती कोठे थांबते त्या जागी खूण करा. आता टायरमध्ये योग्य तेवढी हवा भरून पुन्हा तसेच करा. स्वार तोच, दप्तर तेच, बसण्याची ढब तीच हवी. प्रत्येक प्रयोग तीनदा करून सरासरी काढा. दोन खुणांमधले अंतर तुम्हांला पंपाची किंमत सांगेल.

मात्र हवा भरतानाही अती करू नये. रस्ता खडबडीत असेल आणि टायर दगडासारखा कडक असेल, तर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार दोघेही उचलले जातात. ही उचलण्याची ऊर्जा पेडलमधूनच येते. किती दाब ठेवावा याची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. ती वाचायची सवय लावा.

खड्डा आणि चाक

येथवर आपण श्रमाचा हिशेब केला. आता सुरक्षिततेचा करू. तो अधिक महत्त्वाचा आहे.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरतात. वरून ते सपाट डबक्यासारखे दिसतात. खोली किती ते चाक आत गेल्यावरच कळते.

क्रिकेटमध्ये झेल घेताना तुम्ही हात मागे नेता. चेंडू थांबण्यास अधिक अंतर मिळाले, की हातावर बल कमी पडते. टायर नेमके हेच काम करतो. खड्ड्याची कड लागली, की टायर दबतो आणि धक्का थोड्या लांब अंतरावर पसरतो. साध्या सायकलचा दीड इंची टायर सुमारे ३५ मिलिमीटर दबू शकतो. शर्यतीच्या अरुंद टायरला दबायला जेमतेम २० मिलिमीटर जागा असते. ती संपली, की धक्का सरळ रिमवर बसतो. ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाऊन तिला साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. हे झाले सौम्य प्रकरण. धक्का मोठा असेल तर रिमच जायबंदी होते.

पोलादी किंवा ॲल्युमिनिअमची रिम अशा वेळी वाकते. तो दोष डोळ्यांना दिसतो, आणि कारागीर पुष्कळदा तो काढूनही देतो. कार्बनची रिम सहसा वाकत नाही, ती तडकते. तड कधी कधी आतल्या थरांत राहते आणि वरून दिसतही नाही. अशी रिम पुढच्या एखाद्या धक्क्याला एकाएकी दगा देऊ शकते. म्हणूनच शर्यतीत वापरून झालेली चाके कोणी स्वस्तात देऊ केली, तर मोहात पडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

तार तुटली तर?

मावळात भाताच्या खाचरांकडे जाणाऱ्या बैलगाड्या तुम्ही पाहिल्या असतील. गाडीच्या चाकाचे लाकडी आरे जाडजूड असतात, कारण गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर खांबासारखा उभा असतो. सायकलची तार इतकी बारीक, की तिच्यावर खांबासारखा भार टाकला तर ती तत्काळ वाकेल. मग ती माणसाचे वजन पेलते कशी?

युक्ती अशी आहे, की सर्व तारा आधीच खेचून ताणलेल्या असतात. आपण सायकलवर बसलो, की जमिनीकडच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. ताण शिल्लक असेपर्यंत कोणतीही तार वाकत नाही. सगळ्या तारा मिळून रिमला चहूबाजूंनी धरून ठेवतात.

३६ तारांपैकी एक तुटली, तर उरलेल्या ३५ मिळून तिचे काम वाटून घेतात. चाक थोडे डुलते, पण तुम्ही घरी पोहोचता. २० तारांपैकी एक तुटली, तर त्या जागी मोठे खिंडार पडते. रिम एका बाजूला ओढली जाते, ब्रेकला किंवा फ्रेमला घासू लागते, आणि सायकल हातात धरून चालत जावे लागते. त्यातही साध्या सायकलची तार गावच्या दुकानात मिळते आणि चाकाचा आउट काढणारा कारागीरही तेथेच असतो. खास चाकाची खास लांबीची तार मात्र पुण्या-मुंबईहून मागवावी लागणार.

पाऊस, वारा आणि उतार

मघाशी पाहिलेले ३ लाख ६७ हजार ज्यूल आठवतात ना? घाट उतरताना तेवढीच ऊर्जा बाहेर टाकावी लागते. काही हवा घेते; उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होते. या सगळ्या ऊर्जेची उष्णता केली, तर एक लिटरहून अधिक पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल! ब्रेक रिमवर लागणारे असतील तर ही उष्णता रिममध्ये शिरते. धातू उष्णता लवकर पसरवतो. कार्बनच्या रिममधली राळ उष्णतेची वाईट वाहक असते. ती एकाच जागी तापत राहिली, तर नरम पडून रिम बिघडू शकते. ओल्या कार्बनवर ब्रेकचे रबर नीट पकडही घेत नाही. खरे तर जुन्या पोलादी रिमचीही पावसात हीच रड असते. या बाबतीत ॲल्युमिनिअम बरे, आणि हबजवळ चकती असलेला ब्रेक त्याहून बरा.

वाऱ्याचेही तसेच. खोल रिम समोरून हवा कापते, पण वारा बाजूने आला की तीच शिडासारखी वागते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या कड्यावर ज्यांनी छत्री उलटी होताना पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. पुढचे चाक एकाएकी बाजूला ढकलले गेले आणि शेजारून ट्रक जात असला, तर शेकडा एकाची बचत काय कामाची?

मग काय करावे?

सायकलचे श्रम कमी करायचे आहेत ना? मग पुढील गोष्टी क्रमाने करा. दर आठवड्याला टायरमधली हवा तपासा. चेन पुसून तिला तेल द्या, पावसाळ्यात अधिक वेळा. चाक उचलून हाताने फिरवा; ते खरखरत असेल तर हबमधले छर्रे साफ करून नवे ग्रीस भरून घ्या. ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदला. नवे टायर घ्यायचे झाल्यास ३२ ते ३७ मिलिमीटर रुंदीचे, लवचिक बाजूंचे चांगले टायर घ्या. चाकावर खर्च केलेल्या पैशांपैकी टायरचा पैसा सर्वांत सत्कारणी लागतो.

तारांची परीक्षा तर कानानेही घेता येते. एकतारी छेडतात तशी एकेक तार बोटाने छेडा. एका चाकाच्या एका बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा यायला हवा. एखादी 'भद्द' वाजली तर ती सैल झाली आहे. कारागिराकडून ताणून घ्या. तारेचा ताण वाढला की कंपनांची वारंवारता वाढते आणि सूर चढतो, हे ध्वनीच्या धड्यात तुम्ही शिकला आहात. तो धडा असा आपल्या सायकलमध्येच लपलेला असतो.

१८८८ साली डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले टायर बसवले, तेव्हापासून सायकलच्या चाकात अनेक सुधारणा झाल्या. शर्यतीचे कार्बनचे चाक ही त्यांतली एक नामी सुधारणा आहे, यात शंका नाही. मात्र कोणतीही वस्तू कोणत्या कामासाठी केली आहे हे न पाहता तिला चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही. सेकंदांसाठी झगडणाऱ्या स्वाराचे चाक वेगळे, आणि पावसापाण्यात वर्षानुवर्षे न कुरकुरता शाळेत पोहोचवणारे चाक वेगळे.

आता एक गणित तुमच्यासाठी. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचे अंतर, वाटेतले चढ आणि थांबण्याच्या जागा मोजा. वर दिलेल्या रीतीने तुमच्या रोजच्या प्रवासाला किती ज्यूल लागतात ते काढा. मग तुमच्या सायकलवरचे १ किलोग्रॅम कमी केल्याने त्यातले किती वाचतील ते पाहा. उत्तर आले, की पंप शोधायला विसरू नका!